मुभा, अखत्यार की स्वायत्तता?

पाटीपुस्तक: शिकागोतल्या शाळांवरचा लेख मराठीत आणतेय. तिथे १९८८च्या कायद्याने शाळेशाळेला पालक, शिक्षक आणि परिसरातले रहिवासी यांचं निवडून आलेलं मंडळ मिळालं. मुख्याध्यापक निवडून त्याच्याशी चार वर्षांचा करार करणं या मंडळाकडे आलं. मी अडलेय 'प्रिन्सिपल ऑटोनॉमी अँड सपोर्ट'पाशी, म्हणजे मुख्याध्यापकाला स्वतः निर्णय घेता येणं आणि त्यासाठी मदत मिळणं. 'स्वायत्तता आणि साहाय्य' लिहिलं, तर संपादक म्हणतात स्वायत्तता संस्थेला असते, माणसाला नाही. आणि 'स्कूल डिस्ट्रिक्ट'ला, म्हणजे तिथल्या एकेका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेला, काय म्हणू? जिल्हा म्हटलं की डोळ्यांपुढे कलेक्टर येतो.

शब्दवेडा: संपादकांचं पटलं नाही. स्व + आयत्त, म्हणजे स्वतःच्या ताब्यातलं. माणसालाही चालेल. आपला 'आयता'सुद्धा या आयत्तवरूनच आला असं माझं मत.

जुना हेडमास्तर: आयतं काहीच मिळत नाही हो. मी एकवीस वर्षं ती खुर्ची सांभाळली. वरून पत्र यायचं, 'मुख्याध्यापकांना मुभा देण्यात येत आहे.' एकदा पिण्याच्या पाण्याच्या टाकीची तोटी गळायला लागली. खर्चाची मुभा होती, पण कारकुनाची जागा रिकामी, आणि खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा ते कुणी सांगेना. अडीच महिने तोटीला फडकं बांधलेलं होतं. मुभा वरचा देतो आणि वरचाच काढून घेतो. अखत्यार म्हणजे निर्णय माझा आणि जाबही मलाच. 'अखत्यार'च लिहा.

शुद्धलेखणी: दोन्ही अरबी! 'मुख्याध्यापक' घडवला, रुजला. तसाच 'निर्णयाधिकार' रुजेल.

चौकस: मुभा आला 'मुबाह'वरून, म्हणजे ज्याला मनाई नाही ते. अखत्यार 'इख्तियार'वरून, म्हणजे निवड. हेडमास्तर सांगतात तोच फरक मुळात आहे. इतका नेमका शब्द परका म्हणून का टाकायचा?

शुद्धलेखणी: कारण नव्या मुलांना तो कळत नाही. निर्णयाधिकार फोडून वाचला तरी कळतो.

शब्दवेडा: कॅनडात एडमंटनला १९७६ साली सात शाळांपासून असाच प्रयोग सुरू झाला. अंदाजपत्रकच मुख्याध्यापकांच्या हाती दिलं. पैसा हाती असेल तर शब्द कुठलाही चालेल. मला 'सपोर्ट' जास्त छळतो. साहाय्य की पाठबळ?

जुना हेडमास्तर: दोन्ही वेगळी. कारकून मिळणं हे साहाय्य. पालक चिडून वरच्या कार्यालयात गेले आणि साहेब म्हणाले, 'मुख्याध्यापकांनी ठरवलंय ते बरोबर आहे,' हे पाठबळ. मला ते एकदाच मिळालं. त्या दिवशी घरी चालत गेलो, रिक्षा करायचंही सुचलं नाही.

पाटीपुस्तक: मग लेखात कुठे काय ते वाक्य बघून ठरवते. 'डिस्ट्रिक्ट'चं मात्र कुणीच बोललं नाही.

शुद्धलेखणी: 'शालेय प्रभाग'.

शब्दवेडा: प्रभाग म्हटलं की नगरसेवक येतो!

चौकस: हेडमास्तर, टाकीची 'तोटी' म्हणालात. आमच्या घरी टाकीला चावी असते, तोटी फक्त झारीला. तुमच्याकडे नळालाही तोटीच म्हणतात का?