शाळेच्या सभेच्या प्रोसिडिंगवर सह्या सगळ्यांच्या, निर्णय एकाचा. काय करावं?

चौथीच्या बाई
आमची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी, पट 94, शिक्षक चार. पट दीडशेच्या आत, म्हणून मुख्याध्यापकाचं वेगळं पद नाही. सगळ्यांत जुने सरच प्रभारी मुख्याध्यापक. माणूस वाईट नाही. पण शाळा व्यवस्थापन समितीची सभा म्हणजे काय, तर सर घरी बसून ठराव लिहितात आणि पाचवीतला एक पोरगा मधल्या सुट्टीत रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो. समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बाया, कागदावर सगळं चोख.

यंदा संयुक्त शाळा अनुदानाचे, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चासाठी सरकारकडून मिळणारे, 25,000 आले. सरांनी व्हरांडा रंगवायचं ठरवलं, पेंटरला सांगूनही आले. इकडे मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही. एक आत गेली की दुसरी बाहेरून दार धरून उभी. माझ्या वर्गातल्या दोघी कायम जोडीनंच का विचारतात, हे मला कळायला दिवाळी उजाडली!

समितीत शिक्षक प्रतिनिधी मीच. बोलले तर म्हणाले, "बाई, तुम्ही मुख्याध्यापक झालात की करा." वर तक्रार न करता हे कसं बदलावं?

निवृत्त केंद्रप्रमुख
तक्रार नकोच. चौकशीला येणारा रजिस्टर बघेल, सह्या पूर्ण, विषय संपला. सभेची वेळ काय लिहिलेली असते? सकाळी अकरा असेल तर निंदणीला गेलेली बाई येणार कशी? माझ्या केंद्रातल्या, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या शाळांपैकी एकीत, एका सहशिक्षिकेनं सभा संध्याकाळी सहाला घ्यायला लावली आणि मागचं इतिवृत्त मोठ्यानं वाचायचं काम स्वतःकडे घेतलं. बस्स, एवढंच. पहिल्याच सभेत लोक म्हणाले, "हे कधी ठरलं?"

मीही प्रभारीच
ऑडिटला मान माझी अडकते. पावती सापडली नाही तर समितीतलं कुणी येत नाही. वर्ग सांभाळून पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसवर शाळेची सगळी माहिती भरणं, रोजचे टपाल. ठराव घरी लिहितो कारण शाळेत वेळच नसतो. "आम्हाला विचारा" म्हणणाऱ्यांपैकी कोणी कोटेशन आणून देतं का?

समितीतली आई
सभेला गेलं की चहा मिळतो आणि बोट दाखवतात, इथं सही करा. शेवटी "काही सूचना?" म्हणतात. त्यावर काय बोलणार? पैसे एवढे आलेत, आधी कडी की आधी रंग, असं विचारलं असतं तर बोलले असते की.

चौथीच्या बाई
वरच्या "मीही प्रभारीच" यांचं बोलणं लागलं, कारण खरं आहे. काल हार्डवेअरच्या दुकानात जाऊन आले. दोन कड्या, एक बिजागरी, बसवणावळीसकट 850. अनुदानातले निदान दहा टक्के स्वच्छतेवरच घालायचे असतात, म्हणजे 2,500. रंगाला हात न लावता भागतं. कोटेशन आमच्या सरांपुढे ठेवलं, म्हटलं पावत्यांची फाईल यापुढे मी सांभाळते. जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सहाला घ्यायची तर लाईट असते का बघा."

शुक्रवारी सभा आहे. वाचायला म्हणून मागचं इतिवृत्त काढलं. उपस्थितांत माझं नाव, पुढे माझीच सही. त्या दिवशी मी रजेवर होते.