विद्यापीठाच्या कलासंग्रहालयातले कार्यक्रम सर्वांना विनामूल्य असावेत का?

मुक्काम_बॉस्टन

आमच्या शेजारच्या केंब्रिजमध्ये हार्वर्ड विद्यापीठाची कलासंग्रहालयं आहेत. फॉग, बुश-राइसिंगर आणि आर्थर सॅकलर अशी तिन्ही २०१४ पासून एकाच इमारतीत आहेत, वास्तुरचनाकार रेन्झो पियानो यांच्या काचेच्या छताखाली. जून २०२३ मध्ये त्यांनी प्रवेशशुल्क सगळ्यांसाठी काढून टाकलं. त्याआधी बाहेरच्या प्रौढ माणसाला वीस डॉलर पडायचे. आता विद्यार्थ्यांनी घडवलेल्या मार्गदर्शक फेऱ्या, बरीचशी व्याख्यानं, महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी रात्री नऊपर्यंत चालणारा संगीत वगैरेचा कार्यक्रम, सगळं विनामूल्य.

परवा इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात यावरून जुंपली. एका काकांचं म्हणणं, "विद्यापीठानं विद्यार्थी शिकवावेत. गावाची करमणूक त्यानं का करायची? ज्याला आवड आहे तो तिकीट काढेल."

मला हे साफ अमान्य आहे. कारण तिथं करमणूक नाही, विद्यापीठात तयार झालेलं ज्ञान मिळतं. अमेरिकी चित्रकार मार्क रॉथको यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्डच्या एका जेवणाच्या दालनासाठी मोठी चित्रं केली होती. त्यांत वापरलेलं लिथॉल रेड नावाचं रंगद्रव्य उन्हानं उडालं आणि १९७९ मध्ये चित्रं उतरवून कोठारात ठेवावी लागली. २०१४ मध्ये तिथल्या तज्ज्ञांनी कॅनव्हासला हातही न लावता, जिथं जेवढा रंग उडाला तिथं तेवढ्याच रंगाचा प्रकाश प्रोजेक्टरनं पाडला आणि मूळ लाल परत दिसू लागला. रोज दुपारी चार वाजता प्रोजेक्टर बंद करत, तेव्हा खरं, विटलेलं चित्र समोर यायचं. नुसतं बघून यातलं काय कळणार? कुणीतरी शेजारी उभं राहून सांगावं लागतं. ते सांगणं सगळ्यांना खुलं असावं, असं माझं म्हणणं. तुम्हाला काय वाटतं?

हिशेबनीस

असहमत. काही फुकट नसतं, कुणीतरी भरत असतं. हार्वर्डचा राखीव निधी पन्नास अब्ज डॉलरच्या आसपास आहे, त्यामुळे वीस डॉलरचं तिकीट सोडणं त्यांना जड नाही. पण हे उदाहरण घेऊन तुम्ही सगळ्याच विद्यापीठांना नियम लावणार का?

शिवाय काळ बदललाय. २०२५ मध्ये केंद्र सरकारनं हार्वर्डचं दोन अब्ज डॉलरहून जास्त अनुदान गोठवलं होतं. त्याच वर्षीच्या नव्या कायद्यानं सर्वांत श्रीमंत विद्यापीठांच्या निधीच्या उत्पन्नावरचा कर १.४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांपर्यंत नेला. प्रयोगशाळेतली माणसं घरी बसवायची वेळ आली, तर संध्याकाळचं संगीत आणि चित्रफेऱ्या चालू ठेवायच्या? मी तरी आधी संशोधन वाचवीन.

आणि देणगीदारांचं काय? तिकीट नाही म्हणजे अवलंबून राहायचं भिंतीवर नाव कोरणाऱ्यांवर. सॅकलर कुटुंबातल्या काहींच्या कंपनीनं ऑक्सिकॉन्टिन हे व्यसन लावणारं वेदनाशामक औषध विकलं, म्हणून सॅकलर नावावरून २०१८ मध्ये छायाचित्रकार नॅन गोल्डिन यांनी सहकाऱ्यांसह याच इमारतीत निदर्शनं केली होती. आर्थर सॅकलर १९८७ मध्ये वारले, ऑक्सिकॉन्टिन बाजारात आलं १९९६ मध्ये, हे खरं. तरी वाद मिटला नाहीच. दहा डॉलर देणारे हजार लोक मला एका मोठ्या नावापेक्षा बरे वाटतात.

खडू_फळा

मुक्काम_बॉस्टन यांच्याशी पूर्ण सहमत.

हिशेबनीस, विद्यापीठांना करात सवलत कशासाठी मिळते? सार्वजनिक हितासाठी. मग त्या हितातलं थोडं शहराच्या पदरात पडायला नको? आणि तिकीट लावल्यानं कुठलं संग्रहालय देणगीदारांपासून सुटलंय? बॉस्टनच्याच ललित कला संग्रहालयात पंचवीस डॉलरच्या वर तिकीट आहे, तरी दालनादालनांवर नावं आहेतच.

नदीकाठ

मी महाराष्ट्रातल्या एका लहान संग्रहालयात काही वर्षं शैक्षणिक कार्यक्रम बघत होते, त्यामुळे जरा वेगळं आणि सविस्तर लिहिते.

तुम्ही दोघं तिकिटावर भांडताय. मला विचाराल तर प्रश्न आहे समजावून सांगणाऱ्या माणसाच्या पगाराचा. आमच्याकडे "विनामूल्य कार्यक्रम" म्हणजे प्रत्यक्षात काय व्हायचं? बोलायला येणारी कलाशिक्षिका मानधनाशिवाय यायची, मुलांचे कागद-रंग आम्ही कुणाकडून तरी मागून आणायचो, आणि सतरंज्या उचलायला मी आणि शिपाईमामा. नावनोंदणी साठ जणांची, यायचे वीस. पैसे भरलेले नसले की लोक सहज गळतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग वरिष्ठ म्हणायचे, "प्रतिसाद नाही, बंद करा." नंतर आम्ही माणशी तीस रुपये लावले. नोंदवलेले बहुतेक सगळे यायला लागले आणि त्या बाईंना रिकाम्या हातानं पाठवायची वेळ राहिली नाही.

हार्वर्डमध्येसुद्धा हातानं काही करायच्या कार्यशाळांना साहित्याचे थोडे पैसे घेतात, असं माझ्या माहितीत आहे. त्यात गैर काय? काम करणाऱ्याला पैसे मिळाले पाहिजेत, ही पहिली अट. ती पाळून विनामूल्य करता येत असेल तर जरूर करा. नसेल, तर माफक शुल्क ठेवा आणि ज्यांना परवडत नाही त्यांना न विचारता माफ करा.

दुसरं म्हणजे, दार उघडं ठेवलं की सगळे येतात हा समज काढून टाका. येतात ते ज्यांना आत कसं वागायचं हे आधीपासून माहीत असतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१५ मध्ये फिरतं संग्रहालय सुरू केलं: बसमध्ये प्रदर्शन मांडायचं आणि ती बस शाळांच्या, गावांच्या दारात न्यायची. माझ्या मते त्या बसमधला एक तास, वर्षभर फुकट ठेवलेल्या दारापेक्षा जास्त काम करतो.

आठवा_मजला

मी बॉस्टनजवळ मेडफर्डला राहते. सांगलीहून आई आली होती, तिला घेऊन त्या गुरुवारच्या कार्यक्रमाला गेले. तिला इंग्रजी बेताचंच. वीस डॉलर पडणार असते तर ती आलीच नसती, "तू जाऊन ये, मी घरी बसते" म्हणाली असती. नदीकाठताई, तीस रुपयांनी तुमच्याकडे माणसं आली. पण माझ्या आईसारखी माणसं तिकिटाचा आकडा बघूनच मागे फिरतात आणि ती कुठल्याच नोंदवहीत दिसत नाहीत.

मुक्काम_बॉस्टन

नदीकाठ, पगाराची अट शंभर टक्के मान्य. विद्यापीठाजवळ पैसा असून जर तो मार्गदर्शकाला मिळत नसेल तर त्या विनामूल्यपणाला अर्थ नाही.

पण विद्यापीठाचं संग्रहालय एक गोष्ट करू शकतं जी बस करू शकत नाही. हार्वर्डच्या संग्रहात सुमारे अडीच लाख वस्तू आहेत. भिंतीवर त्यातल्या अगदी थोड्या असतात. कागदावरची चित्रं तर प्रकाशानं खराब होतात म्हणून फार दिवस टांगतच नाहीत. त्यांच्या कला-अभ्यास केंद्रात आधी वेळ ठरवून कुणीही एखादी कलाकृती बघायला मागवू शकतं. स्टुअर्ट कॅरी वेल्च यांनी जमवलेली मुघल, राजपूत, दख्खनी चित्रं तिथं आहेत. चौकटीबाहेर काढलेलं चित्र हातभर अंतरावर येतं, टिपणं घ्यायला पेन्सिल तेवढी चालते, आणि सोनं कुठं जाड लागलंय, कुठं झिजलंय ते तिरकं बघितलं की कळतं. आपल्या दख्खनच्या सुलतानांच्या दरबारातली चित्रकला केंब्रिजमध्ये जाऊन बघावी लागते याचं मला वाईट वाटतं. पण ती बघायला तिकीट किंवा पदवी लागत नाही, हे फार मोठं आहे. मंडळाच्या किती लोकांना हे माहीत आहे?

हिशेबनीस

हा मुद्दा चांगला आहे आणि मला माहीत नव्हता. तरी माझा प्रश्न उभाच: पैसे आटले तर आधी काय बंद होईल? संगीत बंद करा, जेवणाचे ठेले बंद करा. अभ्यास केंद्राला हात लावू नका, एवढं मीही म्हणेन. पण दार विनामूल्यच हवं, हे अजून पटलेलं नाही.

नदीकाठ

दख्खनी चित्राबद्दल: बघायला तिकीट नाही, पण मागवता येतं हे कळायला लागतं, संकेतस्थळावर इंग्रजीत शोधावं लागतं, वेळ मागावी लागते. आठवा_मजला यांच्या आईंना ते कोण सांगणार? मुक्काम_बॉस्टन, तुमचं मंडळ दिवाळी अंकावर आणि जेवणावळींवर खर्च करतं ना? मग मराठीत समजावून सांगणाऱ्या एका माणसाचं मानधन मंडळानं द्यावं, दहा जणांची वेळ मागून घ्यावी आणि आई-वडील इथं येतात त्या उन्हाळ्यात त्यांना न्यावं. विद्यापीठानं दार उघडलंय. बाकीचं आपण करायचं की नाही, हे मला तुमच्याकडून ऐकायचंय.

मुक्काम_बॉस्टन

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत टाकतो. काकांनाही तिथंच उत्तर देईन. आठवा_मजला, आईंना कुठली चित्रं आवडली होती ते कळवाल का? वेळ मागताना तीच यादी आधी देतो.