बाबांच्या फुफ्फुसात कोळशाची धूळ, भरपाई मिळते का?

देवगडकर (28 ऑगस्ट 2023): बाबा 28 वर्षं चंद्रपूरकडे अंडरग्राउंड कोळसा खाणीत होते, मे 2022 ला साठाव्या वर्षी रिटायर होऊन गावी आले आणि त्याच दिवाळीत धाप सुरू झाली. बंदरावर उतरून जातात पण परत घाटी चढताना तीनदा बसतात. आधी टीबी समजून औषधं दिली, थुंकी निगेटिव्ह. शेवटी कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सीटी बघून विचारलं, काम काय करायचे? मग न्युमोकोनिओसिस (धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) लिहून दिलं. खाणीतल्या तपासणीत कायम फिट!! अपंगांचं कार्ड काढू का?

गिरणगावचा_भाचा: कार्डामागे धावू नका. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत त्यात फुफ्फुस नाहीच. आमच्या मामांचं गिरणीतल्या कापसाच्या धुळीने असंच झालेलं, सिव्हिलला फुकट हेलपाटे.

कोर्टकचेरी: 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यात बसतं, परिशिष्ट 3, भाग क. काम सुटल्यापासून दोन वर्षांत लक्षणं दिसली तर ती पहिल्यांदा कळली तोच अपघाताचा दिवस धरतात आणि तिथून दोन वर्षांत दावा लावायचा, म्हणजे तुमच्याकडे ऑक्टोबर 2024 पर्यंत वेळ आहे, पण थांबू नका. चंद्रपूरला जायची गरज नाही, राहत्या गावाच्या हद्दीतल्या भरपाई कमिशनरकडे दावा चालतो. हिशोब असा की पगार 15,000 च्या वर कितीही असला तरी 15,000 च धरतात, त्याचे 60 टक्के 9,000, गुणिले कायद्यातल्या तक्त्यातला साठ वयाचा आकडा 117.41, म्हणजे 10,56,690. हे पूर्ण अपंगत्वाला हां, डॉक्टरने 40 टक्के लिहिलं तर त्याचे 40 टक्के. सगळी लढाई त्या टक्क्यावरच होते.

माजी_ओव्हरमन: कोल्हापूरच्या डॉक्टरांना सांगा धनबादला खाण सुरक्षा महासंचालकांना कळवा म्हणून, खाण कायद्याच्या कलम 25 ने त्यांना ते बंधनकारक आहे, बऱ्याच डॉक्टरांना माहीतच नसतं. आणि खाणीत दर पाच वर्षांनी पीएमई म्हणजे वैद्यकीय तपासणी होते, तिच्या रिपोर्टचा फॉर्म ओ शोध. रिटायर होताना कंपनीच्या मेडिकल कार्डाचे पैसे भरलेले का तेही बघ, औषधपाण्याला उपयोगी. कागद आत्ताच जमव रे, मागसून कोण देवचो नाय.

देवगडकर: पत्र्याची पेटी उघडली. 2011 आणि 2016 चे फॉर्म ओ निघाले, 2021 चा नाही. बाबा म्हणतात तेव्हा बोलावलंच नव्हतं.

कोर्टकचेरी: हे अर्जात पहिल्या पानावर घ्या.