सहलीला जायचंच का? आणि सोमवारी सकाळी सातला हजर पण?

खडूवाली
नमस्कार मंडळी. नगर जिल्ह्यात अनुदानित माध्यमिक शाळेत आहे, नऊ वर्षं झाली. यंदा आठवी-नववीची सहल प्रतापगड, रायगड, महाबळेश्वर ठरलीय, शुक्रवारी शाळा करून रात्री दहाला एसटी निघणार, रविवारी रात्री बारा-एकला परत आणि सोमवारी सात दहाला परिपाठाला उभं राहायचं. माझी मुलगी तीन वर्षांची, नवरा शिफ्टला, म्हणून सरांना म्हटलं या वर्षी मला सोडा, तर म्हणे "मॅडम, मुली ४१ आहेत, लेडीज टीचर दोनच, आणि तुम्हाला काय, फुकटात फिरायला मिळतंय की."

फिरायला! दोन वर्षांपूर्वी याच रूटला आंबेनळी घाटात सात पोरी एकामागून एक ओकल्या, पिशव्या संपल्या तेव्हा मी माझा जेवणाचा डबा रिकामा करून पुढे केला. रात्री महाडला हॉलच्या दारात आडवी गादी टाकून झोपले, म्हणजे कुणी बाहेर निघालीच तर मला ओलांडून जाईल. दोनला एकीला आईची आठवण आली, तिचं रडं थांबतंय तोवर दुसरीची पाळी आली. रायगड कसा होता विचाराल तर मला फक्त डोकी मोजलेली आठवतात.

नाही म्हणता येतं का? निदान रविवारच्या बदल्यात एक दिवस सुट्टी, म्हणजे बदली रजा तरी?

विनाअनुदानित
ताई तुम्ही सरांना विचारलंत तरी, आमच्याकडे वॉट्सॅप ग्रुपवर नावं पडतात आणि खाली सगळे अंगठे दाखवतात, विषय संपला. रविवारचा पगार विचारला तर पुढच्या वर्षी नेमणुकीची ऑर्डर मिळेल की नाही याची गॅरंटी नाही. बदली रजा हा शब्दच मी इथे पहिल्यांदा वाचला.

माजी_हेडमास्तर
२२ वर्षं सहली नेल्या, थोडं कडू लिहितो. बरेच जण शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ दाखवतात. त्यात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक कामाला शिक्षक लावू नयेत असं आहे, पण सहल शैक्षणिकच धरतात, त्यामुळे ते चालत नाही. त्याच कायद्यातले आठवड्याचे ४५ तास पण लोक चुकीचे वाचतात, ते तयारी धरून कमीत कमी आहेत, जास्तीत जास्त नव्हे. आणि तो कायदा आठवीपर्यंतचा, तुमच्या नववीला लागूच नाही.

म्हणून कायद्याच्या मागे न लागता कागद मागा. तुमच्या नावाचा लेखी आदेश, त्यात जायची-यायची तारीख, वेळ, आणि तुमच्याकडे कोणत्या मुली त्यांची यादी. उद्या काही झालं तर तोंडी सांगणारा सगळ्यात आधी विसरतो, हे मी हेडमास्तर असून सांगतोय. बदली रजा त्याच आदेशात लिहून घ्या, परत आल्यावर कोणी देत नाही. आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीचं पत्र एकदा स्वतः वाचा, आमच्या पत्रात रात्रीचा प्रवास नको असं छापलेलं असायचं.

दोन_मुलांचा_बाप
राग मानू नका पण पालकाची बाजू पण बघा. २०१६ ला मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं गेली, तेव्हापासून सहलीचं नाव काढलं की बायको गप्प होते. शिक्षक सोबत आहेत म्हणूनच सही करतो आम्ही, तेच नको म्हणाले तर पाठवायचं कोणाच्या भरवशावर?

विनाअनुदानित
नको कोण म्हणतंय साहेब, झोपेचा हिशोब मागतोय. दोन रात्री जागा माणूस तळ्याकाठी ५० पोरांवर काय लक्ष ठेवणार? वडोदऱ्याला २०२४ च्या जानेवारीत बोट उलटली त्यात १२ मुलं गेली आणि सोबतच्या दोन शिक्षिका पण. त्या पण फुकटात फिरायलाच गेल्या असतील.

दोन_मुलांचा_बाप
हे माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. आमच्या शाळेत पालकसभा आहे शनिवारी, सोमवारच्या सुट्टीचं मी विचारतो, पालकाने विचारलं की जरा ऐकतात.

माजी_हेडमास्तर
विचाराच. आणि दोन आया सोबत येतील का तेही विचारा, मुली शिक्षिकेपेक्षा मैत्रिणीच्या आईला पटकन सांगतात.

खडूवाली
अपडेट देते. दुसऱ्या मॅडमना घेऊन गेले सरांकडे, परवानगीचं पत्र मागितलं तर दहा मिनिटं फाईल सापडेना. सापडली तर चौथ्याच ओळीत रात्रीचा प्रवास करू नये असं लिहिलेलं, आणि आमची गाडी रात्री दहाची! सर क्लार्ककडे बघतायत, क्लार्क पंख्याकडे. आता शनिवारी पहाटे पाचला निघायचं, महाबळेश्वर रद्द, त्यामुळे नववीची पोरं माझ्यावर रुसलीत, स्ट्रॉबेरी गेली म्हणून. आदेश लेखी मिळाला, यादीसकट. सोमवारी तिसऱ्या तासाला यायचं एवढं कबूल केलं, बदली रजेवर मात्र "बघू". एका मुलीची आई अंगणवाडी सेविका आहे, ती येतेय सोबत. लेक आत्याकडे राहील.

जायचं तर आहेच. पिशव्या या वेळी शंभर घेतल्यात.