अडेडेजी यांच्या कारकिर्दीचे मोल

नायजेरियन अर्थतज्ज्ञ अडेबायो अडेडेजी यांचा १९८० चा लागोस कृती आराखडा, म्हणजे आफ्रिकेच्या स्वावलंबी विकासाची योजना, बव्हंशी कागदावरच राहिला, म्हणून त्यांची कारकीर्द निष्फळ ठरते, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. नायजेरियाचे मंत्री असताना त्यांनी शेजारी देशांशी चिकाटीने वाटाघाटी केल्या आणि त्यातूनच १९७५ मध्ये पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांचा आर्थिक समुदाय उभा राहिला. त्याच वर्षी ते संयुक्त राष्ट्रांच्या आफ्रिका आर्थिक आयोगाचे प्रमुख झाले आणि १९९१ पर्यंत त्या पदावर राहिले.

माझ्या मते त्यांचा खरा कस १९८९ मध्ये लागला. संरचनात्मक समायोजन, म्हणजे कर्जाच्या बदल्यात सरकारी खर्चकपात आणि बाजार खुला करण्याच्या अटी, नेटाने राबवणाऱ्या आफ्रिकी देशांची प्रगती अधिक झाली, असा दावा जागतिक बँकेने केला, तेव्हा अडेडेजींच्या अदिस अबाबातील आयोगाने ती आकडेवारी तपासून, तुलनेची वर्षे बदलली की निष्कर्षही बदलतो, हे जाहीरपणे दाखवून दिले. केवळ खंडनावर न थांबता आयोगाने पर्यायी चौकटही मांडली, जिच्यात शेती, शिक्षण आणि आरोग्यावरचा खर्च कापण्याऐवजी वाढवण्याचा आग्रह होता. कर्जबाजारी सरकारे नाणेनिधीपुढे मान तुकवत असताना एका आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्याने हे करणे फार धैर्याचे होते.