‘हार्मोन बॅलन्स’चा डबा आणि आमच्या पोरी

शहापूरची_अक्का
आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका जिमवाल्या सरांची पोस्ट कालपासून सगळीकडे फिरतीय. म्हणे वजन उचलणाऱ्या, कुस्ती-जुडो खेळणाऱ्या प्रत्येक मुलीचे हार्मोन बिघडतातच, म्हणून अश्वगंधा, शतावरी आणि वर डीएचईए नावाच्या हार्मोनची गोळी असा महिन्याचा संच घ्या, साडेतीन हजारांत. खाली पोरींची ‘सर, मला पाहिजे’ची रांग लागलीय, म्हणून हे लांबण.

सर, पोरगी पहाटे पळते, संध्याकाळी आखाड्यात घाम गाळते आणि खाते काय, तर दीड भाकरी नि पातळ आमटी. शरीर समजतं दुष्काळ पडलाय. मग मेंदूतून अंडाशयाला जाणारा हुकूमच मंदावतो, हाडंही जपणारं इस्ट्रोजेन हार्मोन उतरतं, पाळी लांबत लांबत बंद पडते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या प्रकाराला रेड-एस, म्हणजे खेळाडूच्या अंगात ऊर्जा कमी पडणं, असं नावसुद्धा दिलंय. दिवसभरात खाल्लेल्यातून व्यायामात जळलेलं वजा करून जे उरतं, ते चरबी सोडून उरलेल्या वजनाला किलोमागे 45 किलोकॅलरीच्या आसपास हवं. 30 च्या खाली गेलं की धोका. 50 किलोची पोर, चरबी वगळून 40 धरा. सरावात 500 जळत असतील तर 2300 पोटात गेले पाहिजेत. कुणाच्या ताटात असतात एवढे?

माझ्या भाचीची पाळी गेली तेव्हा कोच म्हणाले, “चांगलंय, मेहनत अंगी लागतीय.” पुढे नडगी दुखायला लागली. एमआरआयमध्ये हाडाला बारीक चीर निघाली. तोवर असले दोन डबे संपवले होते तिने.

टिळकवाडी_लिफ्टर
नाव न घेता माझ्यावरच आलात, तर मीच बोलतो. मी वीस वर्षं या धंद्यात आहे. अश्वगंधा आपल्या आजीच्या बटव्यातली, त्याने ताकद वाढते असे अभ्यास झालेत. आणि सगळ्या पोरी उपाशी नसतात वो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्यांना पीसीओएस, म्हणजे अंडाशयाचा हार्मोनचा विकार आहे, वजन वाढलेलं, हनुवटीवर केस. त्यांना काय 2300 खा म्हणून सांगू?

खडेबाजार_केमिस्ट
सर, ताकदीचा जो अभ्यास सगळे दाखवतात तो 2015 चा आणि पुरुषांवरचा. अश्वगंधा थायरॉइडचं हार्मोन वाढवू शकते, आधीच थायरॉइडची गोळी चालू असेल तर गोंधळ. यकृताला त्रास झाल्याच्या नोंदीही आहेत, डेन्मार्कने 2023 मध्ये बंदीच घातली. पण खरी भानगड डीएचईए. ते शरीरात जाऊन टेस्टोस्टेरॉनच्या वाटेने जातं. पीसीओएसवालीला ते देणं म्हणजे हनुवटीच्या केसांना खतपाणी! आमच्याकडे ते वंध्यत्वाच्या चिठ्ठीवर जातं, जिमच्या नाही.
आणि डीएचईए ‘वाडा’च्या, म्हणजे खेळातलं डोपिंग रोखणाऱ्या जागतिक संस्थेच्या बंदी यादीत आहे. जिल्ह्यातली पोर, तुरमुरीची मलप्रभा जाधव, 2018 च्या आशियाई स्पर्धेत कुराशचं, म्हणजे जुडोसारख्या कुस्तीचं ब्राँझ घेऊन आली. तिथवर जायचं तर लघवी तपासतात, आणि ‘सरांनी दिलं होतं’ म्हणून सुटका होत नाही.

येळ्ळूर_रनर
मी स्वतः पळते, म्हणून लिहिते. आमच्या ग्रुपमध्ये श्रावणात सोमवार, मार्गशीर्षात गुरुवार, नवरात्रात नऊ दिवस. पहाटे दुर्गामाता दौड अनवाणी, पोटात एक कप चहा, आणि संध्याकाळी इंटरव्हल ट्रेनिंग. डब्यावर एवढी चर्चा, यावर कुणी बोलायचंच नाही का?

खानापूरकर_काका
वाटच बघत होतो, कधी सणांवर घसरताय ते! आमच्या आयांनी उपास करून भातलावणी केली, सहा-सहा पोरं काढली, कुणाचं हार्मोन बिघडलं? आजकालच्या पोरींना मोबाइल बघत रात्री एक वाजता झोपायचंय आणि बिल फाडायचं देवीच्या नावावर.

शहापूरची_अक्का
काका, त्या आयांची पाळी कुणी विचारली होती का कधी? चाळिशीत कमरेत वाकलेल्या किती दाखवू?

खानापूरकर_काका
अक्का, वयाने मोठा आहे मी, जरा जपून. उपास म्हणजे उपाशी नव्हे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ उगाच म्हणत नाहीत. रताळी आपल्या शिवारातली, शेंगदाणे आहेत, ताक आहे.

येळ्ळूर_रनर
मग खाऊ द्या ना पोटभर! आमच्यात साबुदाणा आधी पुरुषांच्या ताटात, आम्हाला कढईला लागलेला. दूध डेअरीला. देवीने सांगितलं होतं काय असं?

सीमावासी_८६५
मूळ मुद्दा कुणीच बोलेना. पोरीने दाखवायचं कुणाला? महाराष्ट्राने 2023 मध्ये कर्नाटकातल्या 865 सीमागावांना आपली आरोग्य योजना लावली, तर इकडच्या कर्नाटक सरकारला मिरच्या झोंबल्या. पोर पळते कर्नाटककडून, औषधाला जाते कोल्हापूरला. आधी सीमाप्रश्न…

खडेबाजार_केमिस्ट
दादा, फेरिटिनला, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याला, सीमाप्रश्न नसतो. खाली उतरलेलं असलं की दोन्ही राज्यांत दम लागतो. देशात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आहे, 2019-21 च्या सरकारी पाहणीतला आकडा. आणि आम्ही भाकरीवर लगेच चहा ढोसतो, असलेलं लोहसुद्धा अंगी लागत नाही.

निपाणीची_आई
मुलीची पाळी पाच महिने नव्हती. एका डॉक्टरांनी तपासणी न करता गर्भनिरोधक गोळ्या दिल्या. दर महिन्याला ठरल्या वेळी रक्तस्राव, आम्ही पेढे वाटायचेच बाकी. गोळ्या थांबवल्या की पुन्हा बंद. दुसऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते गोळीचं रक्त, तुमच्या मुलीचं चक्र सुरूच झालं नव्हतं, आणि हाडांची झीज त्याने भरून निघत नाही. मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन, फेरिटिन, ड जीवनसत्त्व सगळं काढलं. सरावानंतर लगेच दोन अंडी नि केळं आणि आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी, एवढ्यावर हळूहळू आली. लेक सुट्टीवरून अजून भांडते.

खडेबाजार_केमिस्ट
ताई, केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर थायरॉइड तपासायच्या आधी दोन-तीन दिवस थांबवा. काही लॅबमध्ये त्याने रिपोर्ट उलटसुलट येतो. घरी बसून फुकटचं घाबरायला होतं.

टिळकवाडी_लिफ्टर
बरं बाबा, तुम्ही सगळे डॉक्टर, मीच एकटा खुळा. डीएचईए काढतो संचातून, खूश? अश्वगंधा राहणार. आणि ताकदीची ती क्रिएटिन पावडर तरी चालेल का, की तेही देवीला आवडत नाही?

खडेबाजार_केमिस्ट
क्रिएटिन चालेल. रोज तीन ते पाच ग्रॅम, साधं मोनोहायड्रेट, गुलाबी डब्यातलं दुप्पट किमतीचं नको. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून.

शहापूरची_अक्का
सर, तुमच्या प्रवेशअर्जावर छाती, कंबर, दंड सगळ्याचे रकाने आहेत. शेवटची पाळी कधी आली, हा एक टाका. तीन महिने कोरा दिसला की डबा नाही, डॉक्टरकडे चिठ्ठी.

टिळकवाडी_लिफ्टर
आणि ते मला सांगतील होय पोरी?

येळ्ळूर_रनर
नाही सांगणार. बाई ट्रेनर ठेवा.

टिळकवाडी_लिफ्टर
पगार अक्का देणार?

खानापूरकर_काका
साडेतीन हजाराचे संच खपवलेत की एवढे, त्यातनं द्या.