गॅस आहे, तरी चूल पेटलेली: पाहणीत नेमके काय विचारावे?

शोधार्थी (इंदूर):
सर्वांस नमस्कार. ग्रामीण उपजीविका, हवामानाची जोखीम आणि घरगुती ऊर्जा यांचा परस्परसंबंध हा माझ्या पीएच.डी.चा विषय असून त्यासाठी मी मध्य प्रदेशातील झाबुआ आणि अलीराजपूर जिल्ह्यांतील फलियांमध्ये (आदिवासी वाड्यांमध्ये) प्रश्नावलीची चाचणी घेतली. ‘घरी गॅस आहे का?’ आणि ‘वीज आहे का?’ या दोन्ही प्रश्नांना जवळजवळ प्रत्येक घरातून ‘हो’ असेच उत्तर आले. मात्र एका घरी हे उत्तर मी लिहून घेत होते तेव्हा मागे चूल धगधगत होती, सिलिंडरवर गोधड्यांची घडी रचलेली होती आणि त्याची रबरी नळी भिंतीतल्या खिळ्याला टांगलेली होती. अशा घराची नोंद कशी करावी?

निवृत्त अभियंता:
हा घोळ व्याख्येपासूनच सुरू होतो. आपल्याकडे २००४ पासून गावातील १० टक्के घरे आणि शाळा, पंचायत यांसारख्या सार्वजनिक जागा जोडल्या की गाव ‘विद्युतीकृत’ ठरत असे, आणि २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लेइसांगला वीज पोहोचल्यावर देशातील सर्व गावे त्या यादीत आली. घराघरांतील जोडण्यांसाठी ‘सौभाग्य’ ही वेगळी योजना २०१७ मध्ये आणावी लागली, यावरूनच काय ते समजावे. ऊर्जेची उपलब्धता मोजण्यासाठी जागतिक बँकेने २०१५ मध्ये मांडलेली बहुस्तरीय चौकट पाहा. तिच्यात ‘हो किंवा नाही’ याऐवजी ० ते ५ असे स्तर असून क्षमता, तास, भरवसा, दर्जा, खर्च, कायदेशीरपणा आणि सुरक्षितता असे निकष आहेत. शेतीची वीज मात्र वेगळी विचारा, कारण मध्य प्रदेशात गावठाण आणि शेती यांचे फीडर (वीजवाहिन्या) वेगळे केलेले असल्याने घरी दिवा असला तरी पंपाला तेवढे तास वीज मिळत नाही. पौषातल्या थंडीत रात्री गव्हाला पाणी देणाऱ्याच्या लेखी ‘ऊर्जा उपलब्ध आहे’ याचा अर्थ निराळा असतो.

मालवा-निमाड:
ताई, गॅसची डायरी मागा. टाकी कोणत्या तारखेला भरली ते तिच्यात लिहिलेले असते आणि दोन नोंदींमधील अंतर तुमच्या कोणत्याही प्रश्नापेक्षा खरे बोलते. गरीब घरांना गॅसजोडणी देणारी ‘उज्ज्वला’ योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली तेव्हा अनामत रकमेचा भार सरकारने घेतला होता, पण ज्यांनी शेगडी आणि पहिली टाकी हप्त्यावर घेतली त्यांची सबसिडी आधी त्या कर्जात वळती होत असे, म्हणजे पुढची टाकी भरताना पूर्ण रक्कम रोख मोजावी लागे. १४.२ किलोच्या टाकीचे पैसे एकरकमी लागतात, तर सरपण आणि गोवऱ्या यांना रोख पैसा लागत नाही. म्हणून वार्षिक सरासरी काढू नका. सोयाबीन विकल्यावरचा महिना आणि पेरणीआधीचा महिना यांची नोंद वेगळी ठेवा.

आरोग्य-कार्यकर्ती:
धुरामुळे होणाऱ्या खोकल्याचा प्रश्न तुमच्या यादीत असेलच. तिथे एक सावधगिरी हवी. धार, झाबुआ आणि अलीराजपूरचे अनेक मजूर गुजरातमधील गोध्रा आणि बालासिनोर येथील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामाला गेले आणि सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, घेऊन परतले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याची शिफारस केली होती. त्यामुळे चुलीपुढे न बसणारा तरुण धापा टाकत असेल, तर ‘मजुरीला कुठे आणि किती महिने गेला होतात?’ हे आधी विचारा. नाहीतर पोटासाठी पत्करलेल्या धोक्याचे खापर तुम्ही चुलीवर फोडाल.

शोधार्थी (इंदूर):
मनःपूर्वक आभार. डायरी आणि स्थलांतराची नोंद हे दोन्ही रकाने आजच घालते. अडचण एवढीच, की दिवाळीनंतर बरीच घरे कुलूपबंद असतात आणि ती वगळली तर सर्वांत जोखमीची घरेच हिशेबातून सुटतील. म्हणून पाहणीची एक फेरी लोक परततात त्या भगोरियाच्या, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी उत्सवाच्या, आठवड्यात ठेवावी, असा विचार आहे.

मालवा-निमाड:
भगोरियात ढोल सोडून तुमच्या प्रश्नावलीपुढे कोण बसणार? होळी झाली की दोन-तीन दिवसांत जा. माणसे अजून घरी असतात आणि त्यांना मजुरीला परत नेणाऱ्या गाड्या भरायच्या बाकी असतात.